पहिलं वर्ष : अडचण सांगायची कुणाला?

(लातूर येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला निमंत्रण देताना विषय कळवला होता तो असा : 'महाविद्यालयीन जीवनाशी मुलींनी जुळवून कसं घ्यावं'. विषय महत्त्वाचा आहे. पण त्यातल्या 'जुळवून घेणं' या शब्दापाशी मी अडले. हा शब्द आपल्याकडे मुलीला कधी ऐकायला मिळतो? लग्न ठरलं की. मारहाण सोसून माहेरी परतलेली बाई आपल्या सल्ला केंद्रात येते, तेव्हा तिच्या आईच्या, भावाच्या आणि पोलीस ठाण्यातल्या जमादाराच्या तोंडी हाच शब्द असतो. 'जरा जुळवून घे बाई.' त्याचा अर्थ 'गप्प राहा' असा असतो, हे आपण सगळ्याच जाणतो. मग शिकायला बाहेर पडलेल्या मुलीसाठी आपण तोच शब्द वापरायचा का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मी समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि गेली काही वर्षं नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या मुलींबरोबर काम करते आहे. पहिल्या वर्षाला अडचणी सगळ्यांनाच येतात. मुलांनाही येतात. पण मुलानं घरी अडचण सांगितली, तर घरचे तोडगा शोधतात. खोली बदलून देतात, उसनेपासने पैसे पाठवतात, 'होईल सवय' म्हणतात. मुलीनं तीच अडचण सांगितली, तर तोडगा आधीच ठरलेला असतो : घरी ये. मेसचं जेवण चांगलं नाही? घरी ये. इंग्रजी कळत नाही? मग कशाला शिकतेस, घरी ये. रस्त्यात कुणी त्रास देतो? आजच घरी ये. मुलींना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्या काही सांगतच नाहीत. आणि ती काही बोलत नाही, म्हणजे ती रुळली, असं घरचे समजतात आणि महाविद्यालयही समजतं.

आज इथवर येणं आपल्याला साधं वाटतं, म्हणून थोडा मागचा इतिहास सांगते. निजामाच्या राज्यात मराठवाड्यासाठी विद्यापीठ होतं ते हैदराबादला, १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया, आणि तिथे शिकवण्याची भाषा उर्दू. किनवटच्या किंवा अहमदपूरच्या मुलीनं तिथे जावं, हा विचार किती घरांत झाला असेल? १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं, त्याच साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढलं. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या. आपल्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना त्यात जीव गमवावा लागला. नाव मिळालं ते सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली महाविद्यालयं त्याच्याकडे आहेत.

हे अशासाठी सांगितलं की विद्यापीठ जवळ आल्यानं मुलींचा किती फायदा झाला, ते लक्षात यावं. 'नांदेडलाच तर आहे, संध्याकाळी परत येईल,' या एका वाक्यावर शेकडो घरांतून मुलींना परवानगी मिळाली. पण त्या परवानगीला अट असते. संध्याकाळी परत येईल, ही ती अट. म्हणजे मुलीचं पहिलं वर्ष एस.टी.च्या वेळापत्रकावर चालतं. गावात मुक्कामी गाडी असेल तर ती पहाटे निघते. तिच्या आधी उठून मुलगी पाणी भरते, भाकरी थापते आणि मग गाडी धरते. शेवटचा तास सोडून तिला परत निघावं लागतं, नाही तर पुढची गाडी रात्री. त्यामुळे ग्रंथालय, प्रयोगशाळेतला जादा वेळ, वादविवाद स्पर्धा, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, हे सगळं तिच्या वाट्याला येतच नाही. ती पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी असते, पण महाविद्यालयाचं अर्धंच तोंड तिला दिसतं.

पासाचंही पाहा. गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंत. त्याचा फार उपयोग झाला आहे. पण बारावी झाली की तो संपतो. पुढे विद्यार्थी पासात सवलत आहे, पण पैसे भरावे लागतात. प्रवास लांबतो, खर्च वाढतो, पुस्तकं महाग होतात, नेमक्या त्याच वर्षी मोफत पास हातातून जातो. २०२४ सालापासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शासनानं पूर्ण माफ केलं. चांगला निर्णय आहे. पण तो व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. आमच्या तांड्यावरची, वाडीवरची मुलगी बहुतेक करून बी.ए.ला जाते. तिला त्याचा उपयोग नाही. आणि तिची खरी अडचण फीची कमी, प्रवासाची आणि राहण्याची जास्त असते.

आता दुसरी मुलगी पाहू. ती लातूर पॅटर्नमधून आलेली असते. दोन वर्षं ती या शहरात खोलीवर राहिली. सकाळी शिकवणी, दुपारी महाविद्यालय, रात्री चाचणी. घरच्यांनी जमीन गहाण टाकली, काहींनी विकली. डॉक्टर व्हायचं होतं, नीटमध्ये गुण कमी पडले. आता ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बसली आहे. गावात सांगताना आई 'सध्या बी.एस्सी. करूलालीय' म्हणते, त्यातला 'सध्या' मुलीला दर वेळी टोचतो. तिचं इंग्रजी बरं असतं, विषय येतात, वरून पाहिलं तर तिला काहीच कमी नाही. पण तिच्याशी बोलून पाहा. माझ्याशी बोलताना एक मुलगी म्हणाली, 'ताई, मी इथं शिकायला आले नाही, मी इथं राहिले.' भावाला पुन्हा प्रयत्न करायला एक वर्ष मिळालं होतं, कदाचित दोन मिळाली असती. हिला एकही मिळालं नाही. पैसे संपले, आणि वय वाढतंय, हे कारण सांगितलं गेलं.

या दोघी एकाच वर्गात बसतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत. खेड्यातून आलेलीला वाटतं, ही शहरी, हिला सगळं येतं. दुसरीला वाटतं, मी इथली नाहीच. दोघींचं दुःख वेगळं आहे, पण दोघी एकाच कारणानं गप्प आहेत. बोललं तर घरी जावं लागेल.

वर्गात गप्प राहण्याचं आणखी एक कारण भाषेत आहे. आपला भाग सीमेवरचा आहे. देगलूर-धर्माबादकडच्या घरांत तेलुगू आहे, उदगीर-देवणीकडे कन्नड आहे, तांड्यावर गोरमाटी, किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी, नांदेडच्या जुन्या वस्तीत उर्दू. आणि ज्या मराठी बोलतात, त्यांची मराठीही पुस्तकातली नाही. 'काय करूलालीस' असं मुलगी सहज बोलून गेली आणि वर्ग हसला, की ती पुढचे तीन महिने हात वर करत नाही. त्यात पहिल्या वर्षाला पुस्तकं इंग्रजीत. प्राध्यापक म्हणतात, 'मुली प्रश्नच विचारत नाहीत.' त्यांना मी एवढंच विचारते, की तुमच्या वर्गात हसलं कोण आणि त्याला तुम्ही काय म्हणालात?

आता वर्षाचा क्रम बघा, कारण मुली कधी गळतात, ते त्यावरून कळतं. जून-जुलैमध्ये प्रवेश. त्यानंतर कागदपत्रांचा महिना. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, रहिवासी दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, महाडीबीटीवरचा अर्ज. घरात हे आधी कुणी केलेलं नसतं. तहसील कार्यालयात मुलगी एकटी जाऊ शकत नाही, बापाची मजुरी बुडते. एक कागद राहिला की शिष्यवृत्ती राहते. मग येतात गणपती, महालक्ष्म्या, दसरा. कंधार, मुखेड, लोह्याकडची कुटुंबं दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात. धाकट्या भावंडांकडे कोण बघणार? मोठी बहीण. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या पुढेमागे येते, तेव्हा ती घर सांभाळत असते. आणि ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडी असली की उचल मिळते. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकली जातात, हे या भागात काम करणाऱ्यांना सांगायला नको.

दिवाळीची सुट्टी हा तर सगळ्यात धोक्याचा काळ. मुलगी घरी येते. पाहुणे येतात. 'स्थळ चांगलं आहे, मुलगा पुण्याला कंपनीत आहे, लग्नानंतर शिकू देणार आहेत.' राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होतं. आपल्या विद्यापीठाच्या परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होतं. बारावी होऊन आलेली मुलगी कित्येकदा सतरा-साडेसतरा वर्षांची असते, हे आपण विसरतो. तिचं लग्न हा बालविवाहच आहे. १०९८ हा क्रमांक तिच्यासाठीही आहे.

दिवाळीनंतर वर्गात काही बाकं मोकळी दिसतात. हजेरीपटावर नाव असतं, मुलगी नसते. मुलगी का आली नाही, हे विचारायला कुणी तिच्या घरी जात नाही. शाळेतली मुलगी गळाली तर शिक्षक निदान दारी येतात. महाविद्यालयातली गळाली तर ती 'सज्ञान' असते.

नव्या शैक्षणिक धोरणाबद्दलही इथे बोललं पाहिजे. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला नवी रचना आली. मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक, हे शब्द मुलींना प्रवेशाच्या दिवशी पहिल्यांदा ऐकायला मिळतात आणि कुणी तरी सांगेल ते विषय त्या भरून टाकतात. त्यात एक सोय आहे : ठरलेले श्रेयांक पूर्ण करून एक वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, आणि पुन्हा येण्याची मुभा. कागदावर हे बरं दिसतं. आजारपण आलं, बाळंतपण आलं, तर केलेलं वर्ष वाया जात नाही, हे मीही मान्य करते. पण आपल्या घरांतून त्याचा अर्थ कसा लागेल, याचा विचार करा. 'एक वर्ष शिकली, कागद मिळाला, आता बस.' बाहेर जायचं दार मुलीसाठी नेहमीच उघडं होतं. आता त्यावर शिक्का बसला आहे. परत यायचं दार किती जणींना उघडून मिळतं, ते आपल्यालाच मोजावं लागेल.

आता राहण्याचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलींना स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलींना स्वयम्, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलींना सावित्रीबाई फुले आधार योजना. या योजना मुलींना माहीत नसतात. माहीत झाल्या तरी पैसे खात्यावर पडेपर्यंत भाडं कुठून द्यायचं? मग एका खोलीत पाचजणी, एक मोरी, पाणी दिवसाआड. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्या दिवसांत पाळी आलेल्या मुलीनं खोलीवर काय केलं असेल, ते कुणी विचारलं नाही. आजही महाविद्यालयात गेल्यावर मी आधी मुलींचं स्वच्छतागृह बघून येते. कडी आहे का, पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि डोकं दुखतं म्हणून घरी जातात. त्याला आपण 'रुळली नाही' म्हणतो.

छेडछाडीबद्दल मुली सर्वांत कमी बोलतात. एका मुलीला बसथांब्यावर एक मुलगा रोज त्रास देत होता. दोन महिने तिनं कुणालाही सांगितलं नाही. तिनं वाट बदलली, गाडी बदलली, मग पहिला तास सोडायला लागली. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली, तेव्हा प्रकरण बाहेर आलं, तेही 'अनियमित विद्यार्थिनी' म्हणून. मी तिला विचारलं, घरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, 'सांगितलं असतं तर अण्णांनी त्याला मारलं असतं आणि मला घरी बसवलं असतं.' तिचा हिशेब चुकीचा होता असं मला म्हणता आलं नाही. महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती होती. तिचं नाव मुलीनं ऐकलं नव्हतं.

कायदा आपल्या बाजूनं आहे, तो मुलींपर्यंत पोचत नाही. १९९७ साली विशाखा निकाल आला, २०१३ साली कायदा झाला, २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं शिक्षणसंस्थांसाठी विनियम केले. प्रत्येक संस्थेत ही समिती हवी. विद्यार्थिनींचा प्रश्न असेल तेव्हा तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, तेही निवडून आलेले. आणि बाहेरच्या संस्थेतली, स्त्रियांसाठी काम करणारी एक व्यक्ती हवी. इथे बसलेल्यांपैकी काहीजणी अशा समित्यांवर आहेत. वर्षातून एकदा सही करायला बोलावलं जातं, तेवढ्यावर समाधान मानू नका. पहिल्या वर्षाच्या मुलींना तुमचा चेहरा दिसू द्या. रॅगिंगविरोधी कायदा तर महाराष्ट्रात १९९९ पासून आहे.

मग आपण काय करायचं? मी चार कामं सुचवते. ती मोठी नाहीत, पण ती नेमानं करावी लागतील.

पहिलं, जुलै महिन्यात कागदपत्रांचं केंद्र. तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळ, आठवड्यातून दोन दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी पहिल्या वर्षाच्या मुलींचे अर्ज भरून द्यायचे. त्यांना सगळं पाठ असतं.

दुसरं, प्रत्येक महाविद्यालयात मुलींची महिन्याची बैठक. व्याख्यान ठेवायचं नाही. मुलींनी बोलायचं. तिथे सांगितलेली गोष्ट मुलीला विचारल्याशिवाय घरी जाणार नाही, हा नियम पाळायचा. तिच्या जिवाला धोका असेल तर मात्र थांबायचं नाही, पण तेही तिला सांगूनच करायचं. मन फार खचलेल्या मुलीला १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक द्यायचा, आणि नुसता क्रमांक देऊन सोडायचं नाही, फोन होईपर्यंत जवळ बसायचं.

तिसरं, दिवाळीनंतरची हजेरी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोण आली नाही, याची यादी प्राचार्यांकडे मागायची आणि गावातल्या आपल्या गटातर्फे त्या घरी जायचं. आपले बचत गट गावोगाव आहेत. त्यांना एवढं काम सहज जमेल. लग्न ठरलं असेल, तरी परीक्षा देऊ द्या, एवढं म्हणायला गेलं तरी फरक पडतो.

चौथं, एस.टी.चा आणि पासाचा प्रश्न. मोफत पास पदवीपर्यंत हवा आणि शेवटच्या तासानंतर सुटणारी गाडी हवी. महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट झालं, म्हणजे शासन ऐकत नाही असं नाही. आगारप्रमुखांकडे निवेदन घेऊन जाताना मुलींना पुढे ठेवा.

आई-वडिलांना शत्रू समजू नका, हेही सांगते. जिनं स्वतः अंगठा उठवला आणि मुलीला खोलीचं भाडं दिलं, ती माय घाबरलेली आहे. गावात एक शब्द उठला की तिला काय ऐकावं लागतं, ते तिलाच माहीत. मुलींच्या बैठकीबरोबर एक बैठक मायांचीही घ्या. 'घरी ये' याशिवाय दुसरं काय म्हणता येतं, ते त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी, समोर बसलेल्या मुलींना. वर्गात पहिले काही महिने काही कळलं नाही, तर तुम्ही ढ आहात असा त्याचा अर्थ नाही. घराची आठवण येऊन रडू आलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीशी आजच बोला. तिलाही काही तरी लपवायचं असेल. तुमच्या महाविद्यालयातल्या तक्रार समितीत कोण आहे, ते या आठवड्यात विचारून घ्या आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि अडचण आली तर आम्हाला सांगा. आम्ही तुम्हाला घरी जायला सांगणार नाही. तुमच्याबरोबर प्राचार्यांकडे येऊ, तहसीलला येऊ, लागलं तर तुमच्या घरीही येऊ, तुम्ही म्हणाल तेव्हा.

या दिवाळीनंतर प्रत्येक गटानं आपापल्या महाविद्यालयाची यादी करून पुढच्या बैठकीला आणावी, एवढी विनंती करते आणि थांबते.